गाडीसाठी नेव्हिगेटर घेताना आधी नकाशा पाहा

‘गाडीत लावायला चांगला जीपीएस कोणता?’ हा प्रश्न वाचकांकडून वारंवार येतो. मे महिन्याची किंवा दिवाळीची सुट्टी जवळ आली की जरा जास्तच. प्रश्न एकच असला तरी विचारणाऱ्यांची गरज एक नसते. कोणाला मुलाने नेलेली गाडी आत्ता कुठे आहे, ते घरी बसून पाहायचे असते. कोणाला कोकणात गावी जाताना घाटात रेंज गेली की रस्ता चुकेल, अशी धास्ती असते. कोणाला अमेरिकेतल्या भावाने ‘माझ्याकडे एक पडून आहे, पाठवू का?’ असे विचारलेले असते. या तिघांना एकाच कंपनीचे नाव सांगून उपयोग नाही. पहिल्याला नेव्हिगेटर नकोच आहे, दुसऱ्याचे काम बहुधा हातातल्या फोनवर भागेल आणि तिसऱ्याने ‘पाठव’ म्हणण्याआधी एक गोष्ट तपासायला हवी. म्हणून कंपनी आणि किंमत बाजूला ठेवून आपण गरजेपासून सुरुवात करू.

तुम्हाला नेमके काय हवे आहे?

दुकानात आणि ऑनलाइन बाजारात ‘कार जीपीएस’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

- ट्रॅकर: याला पडदा नसतो. आत सिमकार्ड असते आणि गाडी कुठे आहे ते हे यंत्र तुमच्या फोनवर कळवते. सिमचे आणि सेवेचे पैसे बहुतेक वेळा दरवर्षी भरावे लागतात. चोरीची भीती असेल, गाडी ड्रायव्हरच्या हाती असेल, तर याचा उपयोग आहे. गाडी चालवणाऱ्याला हे यंत्र रस्ता दाखवत नाही. टॅक्सी-बससारख्या सार्वजनिक वाहनांसाठी एआयएस-१४० मानकाचे जे यंत्र सांगितले जाते, तेही ट्रॅकरच.
- अँड्रॉइड म्युझिक सिस्टिम: डॅशबोर्डमध्ये कायमची बसवली जाते. गाणी, मागचा कॅमेरा आणि नकाशा, सगळे एकाच पडद्यावर. इंटरनेटसाठी तिला बहुधा तुमच्या फोनचा हॉटस्पॉट लागतो.
- पोर्टेबल नेव्हिगेटर: काचेला किंवा डॅशबोर्डला चिकटवायचा, हवा तेव्हा काढून दुसऱ्या गाडीत लावायचा. नकाशा त्याच्या आतच साठवलेला असतो. रस्ता दाखवायला सिम लागत नाही.

हा लेख तिसऱ्या वस्तूबद्दल आहे. दुसरी घेणार असाल तर दुकानदाराला दोन गोष्टी आधीच विचारा. गाडीच्या मूळ वायरी न कापता तयार कपलरने जोडणी होणार आहे ना, आणि जीपीएसचा अँटेना कुठे बसवणार? वायरी कापल्या तर गाडीच्या विजेच्या भागांची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. अँटेना डॅशबोर्डच्या पत्र्याखाली दडपला तर नकाशावरची गाडी सतत उड्या मारत राहते.

रेंज गेली म्हणजे जीपीएस गेला, असे नाही

बहुतेक गैरसमज इथून सुरू होतात. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात आणि सतत संकेत पाठवत असतात. आपले उपकरण ते फक्त ऐकते. निदान चार उपग्रह ऐकू आले की त्याला स्वतःची जागा काढता येते. त्यासाठी सिम, इंटरनेट किंवा मासिक शुल्क लागत नाही. नेव्हिगेटरमध्ये हे जसे घडते तसेच फोनमध्येही घडते.

मग ताम्हिणी घाटात फोन का गोंधळतो? उपग्रह हरवले म्हणून नाही. पडद्यावर दाखवायचा नकाशा इंटरनेटवरून येत होता आणि तो यायचा थांबला म्हणून. घरून निघताना नकाशा फोनमध्ये उतरवून घेतला असेल, तर रेंज नसली तरी फोन रस्ता दाखवतो.

उपग्रह खरोखर दिसेनासे होतात ते बोगद्यात, उंच इमारतींच्या गर्दीत आणि कड्याला चिकटून गेलेल्या अरुंद रस्त्यावर. समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळचा बोगदा जवळपास ८ किलोमीटरचा आहे. कंपनीने गाडीतच बसवून दिलेल्या काही यंत्रणांना चाकांच्या वेगाची माहिती मिळते, त्यामुळे त्या बोगद्यातही बरा अंदाज देतात. काचेवर चिकटवलेल्या नेव्हिगेटरला ती सोय नसते. तो आधीच्या वेगावरून गाडी पुढे सरकवतो आणि मग थांबतो. बोगद्यातून बाहेर पडताच लगेच वळण असेल तर ते आधी लक्षात ठेवून निघा.

आणखी एक मर्यादा रोज अनुभवाला येते. उघड्यावरही जागा काही मीटरने मागेपुढे दाखवली जाते. गाडी उड्डाणपुलावर आहे की त्याच्या खाली, मुख्य रस्त्यावर आहे की सर्व्हिस रोडवर, हे उपकरणाला खात्रीने कळत नाही. पुण्याच्या चांदणी चौकात याचा पुरेपूर प्रत्यय येतो. अशा ठिकाणी रस्त्यावरची पाटी वाचा, पडद्याकडे पाहू नका.

बरेच महिने बंद ठेवलेला नेव्हिगेटर पहिल्यांदा सुरू केला की उपग्रह शोधायला त्याला काही मिनिटे लागू शकतात. तो बिघडला आहे असे समजू नका. आकाश मोकळे दिसेल अशा जागी गाडी उभी करून थांबा.

फोनवर भागते का, हे आधी करून पाहा

पैसे खर्च करण्याआधी एक रविवार या चाचणीला द्या.

1. घरच्या वाय-फायवर नकाशाच्या अॅपमध्ये तुमच्या नेहमीच्या प्रवासाचा भाग उतरवून घ्या. गूगल मॅप्समध्ये ही सोय आहे. हिअर वीगो, ऑर्गॅनिक मॅप्स यांसारख्या अॅपमध्ये अख्ख्या राज्याचा नकाशा उतरवता येतो. मॅपमायइंडिया या भारतीय कंपनीचे मॅपल्स हेही एकदा वापरून पाहा.
2. फोन विमान मोडवर टाका आणि ओळखीच्या रस्त्याने तासभर गाडी चालवा. सोबत कोणीतरी असू द्या. पडद्याकडे त्यांनी पाहायचे आहे.
3. वाटेत मुद्दाम एक वळण चुकवा. नवा रस्ता किती वेळात सुचवला जातो ते पाहा.
4. दुपारच्या उन्हात फोन किती तापतो, चार्जिंगला लावूनही बॅटरी उतरते का, पडदा आपोआप मंद होतो का, हे पाहा.

उतरवलेल्या नकाशावर रेंज नसताना वाहतूककोंडीची ताजी माहिती मिळत नाही आणि तो नकाशा वेळोवेळी अद्ययावत करावा लागतो, एवढे ध्यानात ठेवा. हे चालणार असेल तर एक भक्कम स्टँड आणि चांगला कार चार्जर घ्या. आमचे प्रांजळ मत असे की महिन्या-दोन महिन्यांतून एकदा गावाबाहेर पडणाऱ्या कुटुंबाला याहून जास्त काही लागत नाही. शिवाय गूगल मॅप्स मराठीतून सूचना देते. बऱ्याच नेव्हिगेटरमध्ये मराठी आवाज मिळत नाही, हा फरक घरातल्या ज्येष्ठांसाठी लहान नाही.

वेगळा नेव्हिगेटर घेण्याला अर्थ आहे तो पुढील लोकांसाठी:

- ज्यांचे काम फिरतीचे आहे आणि प्रवासात फोन सतत वाजत असतो. फोन आला की नेमका वळणावर नकाशा झाकला जातो.
- ज्यांना रेंज नसलेल्या भागात नेहमी जावे लागते: वनखाते, सर्वेक्षण, घाटमाथ्यावरची आरोग्यसेवा.
- ज्यांच्याकडे एकच गाडी तिघे-चौघे चालवतात आणि सगळ्यांना एकच सोपे, मोठ्या अक्षरांचे यंत्र हवे आहे.
- जे मोठी व्हॅन किंवा ट्रक चालवतात आणि ज्यांना वाहनाची उंची व वजन भरून रस्ता काढणारे उपकरण हवे आहे. पण भारताच्या नकाशात पुलांची उंची व वजनमर्यादा खरोखर भरलेल्या आहेत का, ते विकत घेण्याआधी विचारा. उपकरणात सोय असून नकाशात माहिती नसेल तर पैसे वाया जातात.

पैसे पडतात ते नकाशाचे

नेव्हिगेटरची जाहिरात पडद्याचा आकार सांगते. तुम्ही विचारायचे ते नकाशाबद्दल. आत भरलेला नकाशा कोणत्या वर्षीचा आहे, त्यात भारत कितपत भरला आहे आणि तो पुढे कोण बदलून देणार, या तीन उत्तरांवर खरेदी ठरवा.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातले रस्ते झपाट्याने बदलले. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. शिवडी-न्हावाशेवा अटल सेतूचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले. मुंबई-गोवा महामार्गावर पोलादपूर आणि खेडच्या मधल्या कशेडी घाटाला बोगद्याचा पर्याय आला. २०२१ चा नकाशा भरलेला नेव्हिगेटर समृद्धीवर लावला, तर तुमची गाडी पडद्यावर शेतातून धावताना दिसेल आणि तो तुम्हाला सारखा मागे वळायला सांगत राहील.

म्हणून दुकानात उपकरण हातात घेतल्यावर ही परीक्षा घ्या. दहा मिनिटे लागतात आणि दुकानदाराला त्यात काही गैर वाटण्याचे कारण नाही.

- शिवडी ते उलवे रस्ता विचारा. अटल सेतू सुचवला जातो का?
- इगतपुरी ते भिवंडीजवळचे आमणे विचारा. समृद्धीचा शेवटचा टप्पा नकाशात आहे का?
- छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही नावे टाका. जुनीच नावे सापडत असतील तर नकाशाचे वय तुम्हाला कळले.
- ‘वडगाव’ शोधा. राज्यात या नावाची कितीतरी गावे आहेत. यादीत प्रत्येकापुढे तालुका आणि जिल्हा दिसतो का? दिसत नसेल तर हे उपकरण तुम्हाला मावळातल्या वडगावाऐवजी भलत्याच वडगावला नेऊ शकते.
- तुमच्या गावाचे नाव इंग्रजीत दोन-तीन प्रकारे लिहून पाहा. आपल्या ‘व’साठी कोणी व्ही लिहितो, कोणी डब्ल्यू. एकाच स्पेलिंगवर अडून बसणारे उपकरण प्रवासात फार त्रास देते.
- शेवटी तुमच्या स्वतःच्या वाडीचा, वस्तीचा किंवा सोसायटीचा रस्ता काढा. तिथला खरा रस्ता तुम्हाला पाठ आहे, त्यामुळे चूक लगेच दिसते.

‘लाइफटाइम मॅप्स’ या शब्दांवर विसंबू नका. ‘लाइफटाइम’ तुमचे नाही आणि तुमच्या गाडीचेही नाही. कंपनी ज्याला त्या उपकरणाचे उपयुक्त आयुष्य मानते, तेवढाच काळ नवे नकाशे मिळतात. हे बहुधा अटींच्या बारीक अक्षरांत लिहिलेले असते. तेव्हा चार गोष्टी लेखी विचारा. वर्षातून किती वेळा नवा नकाशा मिळतो? तो भारताचा आहे ना? तो भरायला संगणक लागतो की वाय-फाय पुरते? नवा नकाशा मोठा झाला आणि उपकरणात मावला नाही, तर मेमरी कार्ड लावता येते का?

किमतीची तुलना करतानाही उपकरण, स्टँड, कार्ड आणि नकाशांचे पैसे मिळून पाच वर्षांचा खर्च काढा. स्वस्त दिसणारा पर्याय दुसऱ्या नकाशालाच महाग पडू शकतो.

यंत्रात काय बघावे

इथे फार खोलात जायची गरज नाही.

- पडदा: पाच ते सात इंचांत काम होते. आकारापेक्षा उजेड महत्त्वाचा. दुकानाच्या दारात उन्हात नेऊन वाचता येतो का, ते पाहा. रोज चष्मा लावत असाल तर तो लावूनच पाहा.
- स्पर्श: काही स्वस्त पडद्यांना बोट जोरात दाबावे लागते. चालत्या गाडीत ते नको.
- आवाज: खिडकी उघडी आणि पंखा चालू असताना सूचना ऐकू आली पाहिजे. ‘उजवीकडे वळा’ एवढेच न म्हणता रस्त्याचे नाव सांगणारा असेल तर उत्तम.
- उपग्रहांच्या प्रणाली: जीपीएस अमेरिकेची आहे. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बेइदोऊ आणि इस्रोची नाविक अशा इतरही प्रणाली आहेत. एकाहून जास्त प्रणाली ऐकणारे उपकरण इमारतींच्या गर्दीत आणि घाटात अधिक भरवशाचे ठरते. पण नकाशा जुना असेल तर या गुणाचा काही उपयोग नाही.
- बॅटरी: अनेक नेव्हिगेटरची बॅटरी तासभरही टिकत नाही. ते गाडीच्या सॉकेटवरच चालवायचे असतात. वायर पुरेशी लांब आहे का, पाहा.
- वायर: सोबत आलेली वायर आणि चार्जरच वापरा. काही उपकरणांना साधी डेटा केबल लावली की ती संगणकाला जोडल्यासारखी वागतात आणि पडद्यावर नकाशाऐवजी संगणकाचे चित्र येते. सर्व्हिस सेंटरला जाण्याआधी वायर बदलून पाहा.

कोंडीची ताजी माहिती हवी असेल तर नेव्हिगेटरलाही फोनचे इंटरनेट जोडावे लागते. ही सोय भारतात चालते का, ते विचारल्याशिवाय त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. ब्लूटूथवरचे फोन, गाणी, मागचा कॅमेरा या जादा सोयींबद्दल आमचा आग्रह नाही.

पत्ता सापडत नाही तेव्हा

कोकणातल्या वाडीला किंवा शेतावरच्या घराला घर क्रमांक, गल्ली असा पत्ता बहुधा नसतो. यजमान व्हॉट्सअॅपवर लोकेशन पाठवतात, पण नेव्हिगेटर व्हॉट्सअॅप वाचत नाही. अशा वेळी अक्षांश-रेखांश टाकायचे आणि इथे एक हमखास चूक होते.

पुण्यातला शनिवारवाडा फोनवर साधारण १८.५१९५, ७३.८५५३ असा दिसतो. हे दशांशातले अंश आहेत. अनेक नेव्हिगेटर मात्र अंश आणि मिनिटे मागतात. १८.५१९५ अंश म्हणजे १८ अंश ३१.१७ मिनिटे, कारण एका अंशात ६० मिनिटे असतात. तुम्ही टिंबापुढचे आकडे तसेच उचलून १८ अंश ५१.९५ मिनिटे असे भरले, तर ठिकाण सुमारे ३८ किलोमीटर उत्तरेला, म्हणजे राजगुरुनगरच्या बाजूला सरकते. यावर उपाय सोपा आहे. सेटिंगमध्ये स्थानाचा प्रकार ‘दशांश अंश’ करा आणि मगच आकडे भरा. उपकरणात हा पर्याय आहे का, हे खरेदीच्या वेळीच पाहून घ्या.

सेटिंग करूनच गाडी रस्त्यावर काढा

नव्या उपकरणात ‘सर्वांत जवळचा’ आणि ‘सर्वांत लवकर पोहोचवणारा’ असे दोन पर्याय असतात. आपल्याकडे ‘लवकर पोहोचवणारा’ ठेवा. ‘जवळचा’ रस्ता दोन-चार किलोमीटर वाचवण्यासाठी तुम्हाला शिवारातल्या पाणंदीत घालू शकतो. ‘कच्चे रस्ते टाळा’ हा पर्याय चालू करा. ‘टोल टाळा’ चालू राहिला असेल तर मुंबई-पुण्यासाठी द्रुतगती मार्गाऐवजी जुना महामार्ग येऊ शकतो. तो मुद्दाम हवा असेल तर हरकत नाही.

कोकणात जाणाऱ्यांनी ‘फेरी’ हा पर्याय नीट पाहावा. दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला, दिघी-आगरदांडा, जयगड-तवसाळ या खाड्यांवर गाड्या नेणाऱ्या फेरीबोटी आहेत. त्यांच्यामुळे वेळ आणि पेट्रोल दोन्ही वाचते. पण फेरीबोट कोणत्या वेळी सुटते, रात्री बंद असते, खराब हवेत थांबते, हे उपकरणाला कळेलच असे नाही. संध्याकाळी उशिरा जेट्टीवर पोहोचून माघारी फिरायचे नसेल तर निघण्याआधी वेळ विचारून घ्या.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्रीच्या वेळी नकाशाच्या आधाराने चाललेली गाडी पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर गेली. चालकाचा बुडून मृत्यू झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी खाली कोसळली आणि तिघे गेले. तिथेही गाडी नकाशाच्या मदतीने चालली होती, असे सांगितले गेले. रस्ता नकाशात असणे आणि तो आज वाहतुकीला खुला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दरड, पूर, वाहून गेलेला पूल हे साठवलेल्या नकाशाला कळत नाही. पावसाळ्यात वरंधा घाट वारंवार बंद ठेवला जातो, तरी नेव्हिगेटर भोर ते महाड हाच रस्ता सुचवू शकतो. त्यामुळे:

- पावसाळ्यात घाटातून जाताना निघण्याआधी जिल्हा प्रशासनाच्या सूचना पाहा किंवा घाटाखालच्या ओळखीच्या माणसाला फोन करा.
- रात्री अनोळखी भागात रस्ता अचानक अरुंद, कच्चा किंवा निर्मनुष्य झाला तर थांबा आणि आधीच्या गावात परत येऊन विचारा.
- रस्त्यावर पाणी दिसले की खोलीचा अंदाज बांधत बसू नका. मागे फिरा.

काचेवर कुठे लावावा आणि कायदा काय सांगतो

समोरच्या काचेच्या मधोमध, डोळ्यांच्या रेषेत नेव्हिगेटर लावू नका. त्या चौकोनामागे अख्खी दुचाकी झाकली जाते. डॅशबोर्डच्या मधल्या भागात खाली, नजर थोडीशी वळवली की दिसेल अशी जागा उत्तम. एअरबॅग उघडते त्या झाकणावर किंवा तिच्या वाटेत स्टँड नसावा. काच ओल्या फडक्याने पुसून, सुकवून मगच व्हॅक्यूमचा कप दाबा. तेलकट काचेवर तो मे महिन्याच्या उन्हात हमखास सुटतो. धातूचा थर असलेली उष्णतारोधक काच किंवा फिल्म असेल तर उपग्रहांचे संकेत क्षीण होतात. अशा गाडीत आधी चाचणी घ्या.

गाडी उन्हात उभी करून जाताना नेव्हिगेटर काढून सोबत न्या. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात बंद गाडीतले तापमान त्याच्या बॅटरीला सोसणारे नसते. काचेवर दिसणारे उपकरण चोरालाही बोलावते.

कायद्याबद्दल गोंधळ आहे, तो असा सुटतो. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार गाडी चालवताना हातातले संपर्क उपकरण फक्त रस्ता पाहण्यासाठी, तेही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येते. म्हणजे स्टँडवर लावलेल्या फोनवर नकाशा पाहणे गुन्हा नाही. पण फोन हातात धरून बोलणे किंवा टाइप करणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहनचालन ठरू शकते. पहिल्या गुन्ह्याला १ हजार ते ५ हजार रुपये दंड आणि सहा महिने ते एक वर्ष कैदेचीही तरतूद आहे. नेव्हिगेटर असो वा फोन, पत्ता गाडी उभी असतानाच टाका.

परदेशातून आलेला, जुना आणि फारच स्वस्त

भावाकडचा नेव्हिगेटर घेण्याआधी तपासायची गोष्ट ही: त्यात भारताचा नकाशा आहे का, किंवा त्या मॉडेलसाठी तो विकत मिळतो का? अमेरिकेत विकलेल्या उपकरणात बहुधा उत्तर अमेरिकेचाच नकाशा असतो. भारताच्या नकाशाची किंमत उपकरणाच्या मानाने जड वाटू शकते आणि तिकडची वॉरंटी इथे चालेलच असे नाही. उपग्रहावरून संदेश पाठवण्याची सोय असलेली उपकरणे मात्र अजिबात मागवू नका. भारतात ती परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत आणि गोव्याच्या विमानतळावर अशा उपकरणांवरून परदेशी पर्यटकांवर कारवाई झालेली आहे.

जुन्या बाजारातला नेव्हिगेटर घेताना त्याची तारीख पाहा. जीपीएस आठवडे मोजते आणि १,०२४ आठवड्यांनी ती मोजणी पुन्हा शून्यावर येते. ६ एप्रिल २०१९ रोजी तसे झाले. त्यानंतर सॉफ्टवेअर न बदललेली काही जुनी उपकरणे जवळपास वीस वर्षे मागची तारीख दाखवतात आणि पोहोचण्याची वेळही चुकवतात.

‘सात इंच, आजीवन मोफत नकाशे’ अशी अनोळखी नावाची स्वस्त उपकरणे ऑनलाइन मिळतात. नकाशा कोणाचा आणि पुढचा कुठून मिळणार, हे विक्रेत्याला विचारा. नीट उत्तर आले नाही तर घेऊ नका.

तुमचा जुना नेव्हिगेटर विकताना आतला सगळा तपशील पुसून टाका. वापरात असतानाही ‘घर’ म्हणून आपला दरवाजा नोंदवू नका, जवळचा चौक नोंदवा. गाडीसोबत उपकरण चोरीला गेले तर चोराला घराचा पत्ता मिळू नये.

युरोपात गाडी भाड्याने घेऊन फिरणाऱ्या वाचकांसाठी एक सूचना: स्पीड कॅमेऱ्याची पूर्वसूचना देणारी सोय जर्मनी, फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये चालकाला वापरता येत नाही. सीमा ओलांडण्याआधी ती बंद करा.

बिल, वॉरंटी आणि तुमचे हक्क

खोक्यावर कमाल किरकोळ किंमत, उत्पादक किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश आणि ग्राहकसेवेचा संपर्क छापलेला असलाच पाहिजे. आयातदाराचे नाव नसेल तर वॉरंटीसाठी दार ठोठावायचे कोणाचे, हा प्रश्न उरतो. बिलावर मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घ्या. ‘बिल नको, कमी करून देतो’ हे मान्य करू नका. बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीने घाबरू नका. वस्तू सदोष असेल तर बिलात दिलेल्या मुदतीत आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत ती परत घेऊन पैसे द्यायला नकार देणे, हीदेखील त्याच कायद्याने अनुचित प्रथा ठरते. म्हणून पहिल्याच आठवड्यात उपकरण घाटात, शहरात आणि गावाकडे असे तिन्हीकडे फिरवून आणा. दोष दिसला तर पडदा, आजूबाजूचा रस्ता आणि वेळ दिसेल असा व्हिडिओ सोबतच्या व्यक्तीला काढायला सांगा. आत भारताचा अद्ययावत नकाशा आहे असे सांगून जुना दिला असेल, तर ती जाहिरात किंवा विक्रेत्याचा संदेश जपून ठेवा.

तक्रारीचा क्रम असा:

1. विक्रेता आणि कंपनी दोघांनाही ई-मेलने लेखी कळवा. ऑनलाइन घेतले असेल तर त्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढणे नियमाने बंधनकारक आहे.
2. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करा.
3. तरीही प्रश्न सुटला नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जा. तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, दुकान परगावी असले तरी. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करण्याची सोय आहे. वकील लावण्याची सक्ती नाही आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही.

तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगाकडे जावे लागते. तोवर बिल, खोके आणि ई-मेल यांतले काहीही टाकून देऊ नका.